लिंडसेच्या मणक्यातला डाग कोणाचा

लिंडसे मक्लूर माझा मेहुणा. आमच्या कूरांबा गावच्या जनावरांच्या बाजारात तो लिलाव पुकारायचा. जनावरं कोंडलेल्या कप्प्यांच्या वरून जाणाऱ्या लाकडी फळीवर उभा राहून, हॅट मागे सारून तो एकदा सुरू झाला की खालचे बैलसुद्धा कान टवकारायचे. एका दमात इतके आकडे बोलायचा की नवख्या माणसाला वाटावं, हा आपल्याला शिव्या घालतोय. मधे श्वास कधी घेतो ते माझ्या बहिणीलाही, लॉरेललाही, कधी कळलं नाही, आणि तिनं त्याच्याशी संसार केलाय.

बाजार उठला तरी तोंड चालूच. जेवायला बसलं की शेवटच्या बटाट्याचा लिलाव. चर्चमध्ये पाद्री जरा थांबला की हा हळूच म्हणणार, "एक वार, दोन वार." माझा नवरा होता तोवर त्यांच्याकडे जेवून आला की तासभर कोणाशी बोलायचा नाही. म्हणायचा, कान जरा निवू दे.

मी त्यांच्या शेजारीच राहते. मधे तारेचं कुंपण आणि लॉरेलचे गुलाब, एवढंच अंतर. शाळेच्या कँटीनमध्ये आयुष्य गेल्यामुळे आरडाओरडीचं मला काही वाटत नाही. नाव नोएलीन, पण लिंडसे मला नोल म्हणतो आणि चिडवायचं असलं की मेहुणीबाई.

त्या हिवाळ्यात त्याची पाठ दुखायला लागली. सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही, कारण लिंडसे ज्याबद्दल तक्रार करत नाही अशी वस्तू जगात नव्हती. मग गावानं मनावर घेतलं, आणि ते जास्त वाईट झालं. खाटीक म्हणाला, गाडीची सीट. पबवाला म्हणाला, गादी. पोस्टातली बाई म्हणाली, उजव्या खिशात पाकीट ठेवून बसतोस, माझ्या भावाची कंबर त्यानंच गेली. मर्व्ह डगन म्हणून एक मेंढपाळ आहे, त्यानं घोड्याच्या पायाला चोळायचं तेल आणून दिलं. लिंडसेनं ते खरंच चोळलं. घराला तबेल्याचा वास सुटला आणि त्यांचा कुत्रा माझ्या व्हरांड्यात राहायला आला. नवी गादी आली, गाडीच्या सीटला मेंढीचं कातडं आलं, पाकीट डाव्या खिशात गेलं. पाठ होती तशीच. उलट आडवा झाला की जास्तच दुखायची, आणि हे कोणाच्याच हिशेबात बसेना.

मग एका बाजाराच्या दिवशी तो कालवडींच्या एका कप्प्यावर बोली पुकारत असताना मधेच थांबला. नुसता थांबला. कठड्याला धरून उभा, तोंड उघडं, आवाज नाही. खाली सगळ्यांनी माना वर केल्या. मर्व्हनं नंतर सांगितलं की त्यांनी हॅट काढायचंच बाकी ठेवलं होतं. त्याच दुपारी लॉरेल त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

आमचे डॉक्टर अडेयेमी नायजेरियाचे. गावात आले तेव्हा दोन वर्षांत पळतील असं सगळे म्हणत होते, आता त्यांनी घर बांधलंय आणि फुटबॉलच्या मॅचला ते पंचांना आमच्यापेक्षा जास्त शिव्या देतात. त्यांनी फोटो काढायला सांगितले, मग मोठ्या गावाला पाठवून ते बोगद्यात घालतात तसलं मशीन करून घेतलं. रिपोर्ट आल्यावर लॉरेल मला म्हणाली, "तूही चल. मला अर्धंच ऐकू येईल आणि त्याला काहीच नाही."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"लिंडसे, तुमच्या कमरेच्या एका मणक्यात डाग दिसतोय."

"डाग? धुऊन निघेल ना?"

"लिंडसे," लॉरेल म्हणाली.

"कॅन्सर असावा असं वाटतंय," डॉक्टर म्हणाले. "आणि तो मणक्यात सुरू झालेला दिसत नाही. दुसरीकडून येऊन तिथे बसलाय."

बाहेर कोणाचं तरी लहान मूल खोकत होतं.

लिंडसेच्या मागे हे दुखणं पूर्वीही लागलं होतं, दोनदा. खूप वर्षांपूर्वी एक किडनी काढली होती, गाठीसकट. नंतर उजव्या कानावरचा काळा तीळ निघाला कॅन्सरचा, म्हणून कानाचा वरचा तुकडा गेला आणि हॅट तेव्हापासून तिरकी बसते.

"मग त्या दोघांपैकीच कोणीतरी," तो शेवटी म्हणाला.

"असेल. किंवा तिसराच. फोटोवरून ते कळत नाही. किडनीचा असेल तर औषध वेगळं, कानाचा असेल तर वेगळं. आंधळेपणानं काही सुरू करून उपयोग नाही. मणक्यात सुई घालून लहानसा तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा."

लिंडसेनं हनुवटी खाजवली. "म्हणजे माझ्या कुरणात कोणाचं तरी जनावर घुसलंय, आणि कानातला बिल्ला वाचल्याशिवाय मालक कोण ते कळायचं नाही."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. हल्ली ते सगळ्याच पेशंटना असं समजावतात. माझ्यासमोर एकीला सांगितलं, आणि तिच्याकडे तर साधी कोंबडी नाही.

"सुई केवढी असते?"

डॉक्टरांनी दोन बोटं धरून दाखवली.

"मासे पकडून येता तेव्हा असंच दाखवता का?"

"तेव्हा मोठं करून दाखवतो," डॉक्टर म्हणाले. "आज लहान करून."

बातमी आमच्या आधी गावात पोचली. पबमध्ये संध्याकाळपर्यंत दोन पक्ष पडले, एक किडनीवाल्यांचा आणि एक कानवाल्यांचा. यात वाईट हेतू नव्हता. त्यांना रडता येत नव्हतं, मग त्यांनी वाद घातला. मर्व्ह कानाच्या बाजूनं होता, कारण त्याच्या काकाचं तसंच झालं होतं. लिंडसे स्वतः किडनीच्या बाजूनं. म्हणाला, "काढली तेव्हाच ती रागावून गेली होती. मला तिचा स्वभाव माहीत आहे."

तो रोज घ्यायचा ती रक्त पातळ करायची गोळी सुईच्या आठवडाभर आधी बंद करायला सांगितली होती. ती बंद केल्यावर आपलं रक्त जाड झाल्याचं लिंडसेला जाणवायला लागलं, आणि तो ते भेटेल त्याला सांगत सुटला.

मेलबर्नला गाडी मी चालवली. शहरात शिरलं की लॉरेल डोळे मिटून घेते, आणि गाडी चालवणाऱ्यानं तसं करून चालत नाही. लिंडसेला सकाळपासून काही खायला बंदी होती. वाटेत आम्ही पेट्रोल भरायला थांबलो. मी टॉयलेटला जाते म्हणून गेले आणि पंपाच्या मागे उभी राहून एक सॉसेज रोल खाल्ला. परत येऊन गाडी सुरू केली. बऱ्याच वेळानं मागच्या सीटवरून आवाज आला.

"मेहुणीबाई, हनुवटीवर सॉस आहे."

"तुझं लक्ष कशाला माझ्या हनुवटीकडे?"

"उपाशी माणसाचं लक्ष तिथेच जातं."

हॉस्पिटलमध्ये सुई घालणाऱ्या डॉक्टर म्हणजे एक लहानखुरी बाई, डॉक्टर व्लाहोस. पायात पळायचे बूट. लिंडसे तिच्याकडे बघून माझ्या कानात म्हणाला, "ही मणक्यापर्यंत पोचणार कशी? स्टूल घेऊन?" तिला ते ऐकू गेलं. लिंडसेच्या कुजबुजीला शेवटच्या रांगेपर्यंत जायची सवय आहे.

"स्टूल आहे माझ्याकडे," ती म्हणाली आणि खाली बसून सगळं नीट सांगितलं. पालथं झोपायचं. मशीन आत घेईल, फोटो निघेल, तो बघून ती सुई थोडी पुढे सरकवेल, परत फोटो, परत थोडी सुई. कातडी आणि आत हाडापर्यंत बधिर करतील. शिरेतून थोडं गुंगीचं औषध देतील, पण पूर्ण झोपवणार नाहीत. रक्त येऊ शकतं, जंतू जाऊ शकतात, क्वचित एखादी नस दुखावते, म्हणून तर फोटो बघत जायचं.

"माझी एकच अट आहे," ती म्हणाली. "हलायचं नाही. आणि बोलायचंही नाही. मघापासून बघतेय, तुम्ही बोलता तेव्हा तुमची अख्खी पाठ बोलते."

लॉरेलनं डोळे पुसले आणि विचारलं, "ही अट घरीही लावता येते का?"

त्याला आत नेल्यावर आम्ही दोघी बाहेर बसलो. लॉरेलच्या मांडीवर त्याची हॅट. ती हॅटची कड बोटांनी फिरवत होती, गोल, गोल. मी मासिक उघडलं. एकच पान बघत बसले होते, गाजराच्या केकचं.

"किडनीचा असला तर?" ती म्हणाली.

"तर किडनीचं औषध."

"आणि कानाचा असला तर?"

"तर कानाचं."

"तुला सगळं कसं सोपं वाटतं गं?"

"मला काही सोपं वाटत नाही," मी म्हणाले. "मला गाजराचा केक वाचतासुद्धा येत नाहीये."

आत काय झालं त्याच्या दोन हकिगती आहेत. लिंडसेच्या मते तो दगडासारखा पडून होता आणि डॉक्टरबाईंनी असा पेशंट जन्मात पाहिला नव्हता. नर्सनं आम्हाला सांगितली ती अशी. सुरुवातीला तो खरंच गप्प होता. बधिर करायचं इंजेक्शन चरचरलं तेव्हा "हं" एवढंच म्हणाला. गुंगीचं औषध चढल्यावर मात्र गाडी घसरली. सुई हाडाला टेकली, डॉक्टरबाईंनी ती फिरवत आत नेली, वर लहानशा हातोडीनं टकटक केलं, आणि पालथ्या माणसाच्या तोंडाखालच्या उशीतून आवाज आला, "कुंपणाचा खांब जरा तिरका जातोय, बाई."

"सरळच जातोय," त्या म्हणाल्या. "बोलू नका."

पहिला तुकडा निघाला. त्या नर्सला म्हणाल्या, "एक झाला, अजून हवा." उशीतून आवाज आला, "एक वार." दुसरा निघाला. "दोन वार." आता खोलीत सगळेच तिसऱ्याची वाट बघायला लागले. तिसरा निघाला तेव्हा काही आवाज आला नाही. डॉक्टरबाईंनी वाकून बघितलं तर तो घोरत होता. आपल्याच लिलावात झोपलेला लिलाववाला म्हणून नर्सला फार हसू आलं, पण लॉरेलला त्यातलं घोरण्याचं ऐकूनच बरं वाटलं. म्हणाली, "कित्येक आठवडे झाले त्याला घोरून."

शुद्धीवर आल्यावर त्यानं तुकडे बघायला मागितले. नर्सनं बाटली उजेडाकडे धरली. पेन्सिलीतल्या शिशाचे मोडके तुकडे असावेत तसे, पण लालसर.

"एवढंसंच?" तो म्हणाला. "याच्यासाठी मी सॉसेज रोल सोडला?"

काही तास उताणा पडून राहायचं होतं. त्या वेळात त्यानं शेजारच्या पलंगावरच्या ट्रामवाल्याला गुरांच्या पंधरवड्याचे भाव ऐकवले. पाठीवर एक लहानशी पट्टी, बाकी काही नाही. गावातल्या लोकांना ती बघून फार निराशा झाली.

रिपोर्टला वेळ लागणार होता. हाड आधी मऊ करावं लागतं, तेव्हा कुठे त्याचे पातळ काप निघतात. ते दिवस वाईट गेले. लिंडसे गप्प झाला. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, दमलाय. तिसऱ्या दिवशी लॉरेल कुंपणापाशी आली आणि गुलाबांवरून म्हणाली, "नोल, तो बोलत नाहीये. मी मुद्दाम बटाटा शेवटचा ठेवला, त्यानं नुसता बघितला."

मी गेले तर तो टाकीच्या पंपापाशी गुडघे टेकून बसला होता.

"लॉरेलला बोलाव," तो म्हणाला. "पंपाची हवा कशी काढायची ते तिला दाखवून ठेवतो."

लॉरेल आली. त्यानं एकेक झडप दाखवली, आधी हे सैल करायचं, मग इथे पाणी ओतायचं, बुडबुडे थांबले की बंद. ती हात बांधून सगळं ऐकत राहिली. त्याचं सांगून झाल्यावर म्हणाली, "लिंडसे, दर बाजाराच्या दिवशी पंप अडकतो. तू फळीवर ओरडत असतोस तेव्हा तो कोण चालू करतं असं वाटतं तुला? कुत्रा?"

लिंडसे पंपाकडे बघत राहिला. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तू मधे जागा कधी सोडलीस?"

तो हसला आणि मग हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. लॉरेल ओल्या मातीत त्याच्या शेजारी बसली. मी घरी गेले आणि उगाच ओव्हन घासत बसले.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा डॉक्टर अडेयेमींसमोर. त्यांनी कागद दोनदा वाचलेला असणार, तरी तिसऱ्यांदा वाचला.

"किडनी?" लिंडसेनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे कान. मर्व्हला कसं तोंड दाखवू?"

"कानाचाही नाही. पेशी स्तनाच्या आहेत."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

"डॉक्टर, तुकड्यांची अदलाबदल झालीये. मला ते नाहीत."

"सगळ्या पुरुषांना असतात, थोडेसे. क्वचित तिथेही कॅन्सर होतो. शर्ट काढा बघू."

आणि तेव्हा लॉरेलला हसू फुटलं. वाईट हसू, न थांबणारं. ती माफी मागत होती आणि हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी तिचा दंड धरून बसले होते आणि माझेही खांदे हलत होते. लिंडसे शर्टाची बटणं काढत आमच्याकडे बघत म्हणाला, "चालू द्या. मी आहे इथेच."

डॉक्टरांच्या बोटाला डाव्या बोंडाच्या मागे वाटाण्याएवढी कठीण गाठ लागली.

"हे कधीपासून आहे?"

"ते? ते वासरानं लाथ मारली तेव्हापासून."

"कधी मारली?"

लिंडसे विचारात पडला. लॉरेल नाक पुसत म्हणाली, "त्या वासराचा बैल झाला, तो आपण खाल्लासुद्धा, लिंडसे."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की हा पूर्ण जायचा नाही, ते खोटं आश्वासन देणार नाहीत. पण या पेशी शरीरातल्या एका रसावर, हार्मोनवर, वाढणाऱ्या निघाल्या, आणि तो रस तोडणारी साधी गोळी आहे, रोज एक, बायकांना देतात तीच. पाठीला किरणांचा शेक, हाडं मजबूत करायला इंजेक्शन. बरेच लोक यावर बरीच वर्षं काढतात. किडनीचं समजून किडनीचं औषध दिलं असतं तर नुसता त्रास झाला असता आणि डाग हसत बसला असता.

"ती बाई उंचीला कमी होती," लिंडसे म्हणाला, "पण बिल्ला बरोबर वाचून आणला तिनं."

गोळी सुरू करायच्या आधी छातीची तपासणी हवी होती, म्हणून मोठ्या गावाच्या स्तनांच्या दवाखान्यात जावं लागलं. तिथल्या भिंती गुलाबी, खुर्च्या गुलाबी, टेबलावरचे रुमालही. आणि मधे लिंडसे, बाजाराचे बूट घालून. आता लिंडसे हे नाव आमच्याकडे पुरुषांचंही असतं आणि बायकांचंही. काउंटरवरची मुलगी बाहेर येऊन गोड आवाजात म्हणाली, "मिसेस लिंडसे मक्लूर?" आणि तिनं गुलाबी झगा माझ्या हातात दिला.

"मी नाही, बाळा. तो."

तिनं लिंडसेकडे बघितलं. लिंडसेनं हॅट काढली.

आत नर्स कॉम्प्युटरवर प्रश्न विचारत होती. नाव, वय, गोळ्या. मग ती अडखळली. "सॉरी हं, पण हे भरल्याशिवाय हा पुढे जात नाही. शेवटची पाळी कधी आली होती?"

"आमच्याकडे ते खातं लॉरेल बघायची," लिंडसे म्हणाला.

मॅमोग्राम करताना आम्ही दाराबाहेर होतो. त्याच्याकडे दाबून धरायला काही नव्हतं तरी मशीनला काहीतरी हवंच होतं, म्हणून तंत्रज्ञ बाईनं कुठून कुठून कातडी ओढून गोळा केली. बाहेर आला तेव्हा चेहरा लाल आणि आवाज एकदम मऊ.

"लॉरेल, आयुष्यभर मी जनावरं खोड्यात अडकवली," तो म्हणाला. "आणि वर त्यांनाच सांगायचो, उगाच नाटकं करू नका."

गोळी सुरू झाली, शेक झाला, पाठदुखी हळूहळू उतरली. मग आला घाम. बायकांना चाळिशी-पन्नाशीत येतो तसा, आतून पेटल्यासारखा. लिंडसे डीप फ्रीझरचं झाकण उघडून त्यात डोकं घालून उभा राहायचा, गोठलेल्या मटाराच्या पिशव्यांवर कपाळ टेकून.

"हे किती दिवस चालतं?" त्यानं आतूनच विचारलं.

"माझं सात वर्षं चाललं," लॉरेल म्हणाली.

"तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"तू म्हणालास, खिडकी उघड."

त्यानं कपाळ दुसऱ्या पिशवीवर टेकवलं. मग आवाज आला, "लॉरेल, मी मूर्ख होतो."

"झाकण लाव, मटार वितळतील."

दवाखान्यातल्या नर्सनं त्याला बायकांच्या एका मंडळात जायला सांगितलं. गुरुवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या जमतात, ज्यांना हाच आजार झालाय अशा. लिंडसे म्हणाला, जीव गेला तरी जाणार नाही. मी म्हणाले, "बरोबर आहे, तिथे बायकांना बोलायचं असतं, तुला मधे घुसता यायचं नाही." पुढच्या गुरुवारी गेला. मंडळाची पुढारी ब्रॉनविन, मेंढ्यांची दोन शेतं एकटी सांभाळणारी बाई. तिनं त्याला दारातच सांगितलं, "आमच्याकडे पाळीनं बोलतात. तुझी पाळी शेवटी." तो शेवटपर्यंत गप्प बसला. घरी येऊन लॉरेलला म्हणाला, "त्यातल्या एकीला ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गाईंचं दूध काढायला लागलं. तिसऱ्या दिवशी." असं बरंच काही त्यानं पुढच्या महिन्यांत ऐकलं, आणि मला वाटतं, कोणाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची त्याची ती पहिलीच वेळ.

वसंतात तो पुन्हा फळीवर चढला. दर बाजाराला नाही, महिन्यातून एकदा. पहिल्याच दिवशी लिलावाच्या आधी त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं की बाबांनो, मला काय झालंय ते तुम्हाला कळलंच आहे, त्यावरचे जोक मर्व्हनं सगळे करून झालेत, आता घरी जाऊन प्रत्येकानं आपापली छाती चाचपायची, बोंडाच्या मागे, नीट. हॅटवाले सगळे बुटांकडे बघत राहिले. मग लिलाव सुरू झाला.

अर्धा बाजार झाला असेल. काळ्या गोऱ्ह्यांचा कप्पा चालला होता, चांगली जनावरं, बोली जोरात. मर्व्ह डगन कठड्याला टेकून उभा होता. त्याला घरी जाईपर्यंत धीर निघाला नाही. त्यानं हळूच शर्टात हात घातला. लिंडसेची नजर तिथे गेली, आणि मर्व्ह आयुष्यभर छातीवर बोट टेकवूनच बोली लावत आलाय.

"दिली. मर्व्ह डगन."

"मी बोली नाही लावली," मर्व्ह म्हणाला.

"हात छातीला गेला, मी बघितला."

"मी तपासत होतो. तूच सांगितलंस ना."

"मी घरी जाऊन तपासायला सांगितलं."

"मला गाठ लागतेय, लिंडसे," मर्व्ह म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

अख्खा बाजार थांबला. लिंडसे शिडीवरून खाली उतरला, पाठ सांभाळत, सावकाश. त्यानं सगळ्यांसमोर मर्व्हच्या शर्टात हात घातला आणि चाचपडून बाहेर काढली ती खोकल्याची गोळी. बनियनला चिकटलेली, केसांसकट.

गोऱ्ह्यांवर पुन्हा बोली लागली आणि ते दुसऱ्याला गेले. त्या आठवड्यात डॉक्टर अडेयेमींकडे इतके शेतकरी शर्ट काढून बसले की इंजेक्शनला आणलेल्या पोरांना बाहेर थांबावं लागलं. निघालं काही नाही, बहुतेकांची चरबीच. डॉक्टर म्हणाले, या माणसांना नुसतं वजन करायला आणायचं म्हणजे मला पूर्वी त्यांच्या बायकांकडून निरोप धाडावा लागायचा.

याला आता पाच वर्षं होत आली. मधे एकदा डागानं डोकं वर काढलं तेव्हा गोळी बदलली. वाकताना कंबर धरतो, जिना टाळतो, आणि दर स्कॅनच्या आधी लॉरेल रात्रीचं जेवण करपवते. बाकी ठीक आहे. बोलणं थोडं कमी झालंय. म्हणजे आता कधीकधी त्याच्या दोन वाक्यांच्या मधे एखादं वाक्य सरकवता येतं.

मंडळात आता पाळीपाळीनं चहाबरोबर काहीतरी करून न्यायचं असतं. गेल्या गुरुवारी लिंडसेची पाळी होती. सकाळीच कुंपणापाशी येऊन मला म्हणाला, "नोल, तुझा तो निळा डबा दे. स्कोन्स करणार आहे, लॉरेलला हात लावू देणार नाही." मी दिला. स्कोन्स म्हणजे लोण्याचे छोटे पाव, लोणी गार असलं तरच हलके होतात. दुपारी मी ब्रेड आणायला बेकरीत गेले तर बेकरीवाली म्हणाली, आज स्कोन्स संपले, सगळे एकाच गिऱ्हाइकानं नेले. संध्याकाळी डबा परत आला, धुऊन पुसून.

"काय म्हणाल्या बायका?" मी विचारलं.

"ब्रॉनविन म्हणाली, हलके झालेत. हातात कला आहे म्हणाली."

"लोणी गार घेतलंस वाटतं?"

"गारच," तो म्हणाला. "गारच घ्यावं लागतं."

मी डबा कपाटात ठेवून दिला. ब्रॉनविननं पुढच्या महिन्यात हॉलच्या ओट्यापाशी सगळ्यांना करून दाखवायला सांगितलंय, हे तो जाता जाता म्हणाला, आणि माझ्या ओव्हनकडे बघत दारातच घुटमळत राहिला.